बोर्डाखालचा गड्डा

मी पत्रकं लिहिते. रेशनच्या तांदळावर लिहिली, बसथांब्याच्या शेडवर लिहिली, मुलींच्या वसतिगृहातल्या पाणचट वरणावर लिहिली. बहुतेक पत्रकं भज्यांच्या गाडीवर संपली आणि मागण्या होत्या तिथंच राहिल्या. एकच पत्रक पूर्ण यशस्वी झालं. त्यात जे जे मागितलं ते सगळं मिळालं. त्या पत्रकाची ही हकिकत. त्यापायी एक माणूस बुडून मेला, आणि माझी धाकटी बहीण अजून माझ्याशी सरळ बोलत नाही.

शहराचं नाव लिहीत नाही. वैनगंगेच्या काठचं आहे, एवढं पुरे. कागदोपत्री शहर, बाकी बाजाराला येणारी माणसं त्याला गावच म्हणतात. आमचा मोहल्ला नदीच्या अंगाला. निम्म्या घरांवर पत्र्याच्या टिना. वैशाखात दुपारी दोन वाजता टिनेखाली बसून बघा, मग उन्हाळ्यात पोहणं म्हणजे चैन आहे असं म्हणा. कूलर असतो, पण लाइन नसते. लाइन असते तेव्हा कूलरमध्ये टाकायला पाणी नसतं. शहरात पोहण्याचा तलाव आहे, एक. तो अधिकाऱ्यांच्या वसाहतीत, फाटकाच्या आत. पास लागतो. पास कोणाला मिळेल ते फाटकावरचा चौकीदार समोरच्याच्या चपला बघूनच ठरवतो. मी चौथीत असताना तिथं एकदा गेले होते. माझ्या चपलांकडं बघून त्यानं विचारलं, "कोणाकडं कामाले हाय तुझी माय?"

म्हणून आम्ही नदीत. पोरं, पोरी, बाया, म्हातारी माणसं, सगळे. तेंदूपानाच्या हंगामात बाया पहाटे जंगलात जातात आणि ऊन तापल्यावर परततात. पानांचे पुडे बांधायला बसण्याआधी त्या लुगड्यासकट नदीत गळ्यापर्यंत बसून राहायच्या. बोलायच्या नाहीत. नुसत्या बसायच्या. मला पाण्याची पहिली आठवण तीच आहे, पाण्यावर ठेवल्यासारखी डोकी आणि त्यात माझ्या आईचं एक.

आणि बांबू.

काठावर एक ढिवर म्हातारा राहायचा, अजून राहतो. मासे धरायचा, डोंगा चालवायचा. सगळा मोहल्ला त्याला भाऊ म्हणतो. होळी झाली की तो एक लांब बांबू घेऊन नदीत उतरायचा. आधी बांबू टेकवायचा, मग पाय. रेती पक्की असली की बांबू करकरतो, पोकळ असली की मुकाट्यानं आत जातो, असं तो सांगायचा. पक्की रेती जिथं संपते तिथं एकेक बांबू रोवायचा आणि टोकाला बायकोच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधायचा. अशी दहा-बारा बांबूंची ओळ. अलीकडं पोहायचं, पलीकडं जायचं नाही.

बाहेरच्यांना वाटायचं, एकदा रोवले की झालं. तसं नव्हतं. वरून धरणाचं पाणी सुटलं, रेतीच्या टिप्परांनी काठ कुरतडला, की तो परत उतरायचा, चार बांबू उपटायचा आणि दुसरीकडं न्यायचा. कधी आठ दिवसांत, कधी दोन दिवसांत. म्हणून आमच्याकडं रीत होती. पाण्यात पाय टाकण्याआधी त्याच्या झोपडीकडं तोंड करून ओरडायचं, "भाऊ, जाऊ का?"

आतून आवाज यायचा, "जा. डाव्या अंगाले नोको."

किंवा, "थांब वं. आज नदी पायलो नाई अजून."

थांब म्हटलं की थांबायचं. मोठी माणसंसुद्धा थांबायची, साबण लावलेल्या अंगानं. मी आणि माझी बहीण दोघी तिथंच शिकलो, पाठीला तेलाचा रिकामा प्लास्टिकचा डबा बांधून. ती माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण पाण्यात माझी आई. मी नुसती तरंगते, ती पोहते.

नंतर मी नागपूरला कॉलेजात गेले आणि संघटनेत पत्रक लिहायला शिकले. वर प्रश्न, मधे संताप, खाली मागण्या, शेवटी विजय असो. प्रश्न असा पाहिजे की वाचणाऱ्याला शरम वाटली पाहिजे. सुट्टीत घरी आले, नदीवर गेले, बांबू बघितले आणि मला शरम वाटली. एवढं मोठं शहर, एवढा कर भरतो, आणि आमचा बंदोबस्त काय, तर चिंधी बांधलेला बांबू! तिकडं वसाहतीत निळ्या फरशांचा तलाव. मी रात्र बघितली नाही, दिवस बघितला नाही, लिहून काढलं. मथळा होता: "आमच्या लेकरांचा जीव एका म्हाताऱ्याच्या बांबूवर?"

मागण्या: नदीवर पोहण्याची कायमची सुरक्षित जागा. सिमेंटमध्ये रोवलेला पक्का बोर्ड. लोखंडी खांब, मधे जाड दोर. बांबूचा जुगाड बंद.

छापायच्या आधी मी ते भाऊला वाचून दाखवलं. तो जाळं विणत होता. सगळं ऐकून घेतलं.

"माझं नाव तं नाई टाकलं ना?"

"नाई भाऊ."

"मंग बरं हाय." दोन गाठी मारल्या. "पण म्हातारा काऊन लिवलं वं? नदीच्या पलीकडं जाऊन येऊ का, दाखवू?"

आम्ही दोघं हसलो. त्याला राग आला होता का, हे मी तेव्हा विचारलं नाही. पत्रकात तो माणूस म्हणून नव्हताच, मागणीला आधार म्हणून होता.

पत्रक साहेबांना आवडलं. साहेब म्हणजे ज्यांच्या टेबलावर ही कामं असतात ते. मला खुर्ची दिली, चहा मागवला. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या साहेबानं माझं पत्रक शेवटपर्यंत वाचलं. मला केवढा अभिमान! आज कळतं, आवडणारच होतं. उन्हाळाभर रोज नदी तपासायला माणूस ठेवा, त्याला पगार द्या, असं मी कुठं म्हटलं होतं? एकदा ठोकायचा बोर्ड मागितला होता. बोर्डाला पगार नसतो. बोर्डाचा फोटो निघतो.

काम झटक्यात झालं. त्या वर्षी भाऊनं जिथं बांबू रोवले होते तिथंच मोजमाप करून खांब उभे केले. निराळी तपासणी कोणी केली नाही, गरजच काय, म्हाताऱ्यानं करून ठेवली होती. बोर्ड निळा, अक्षरं पांढरी: "पोहण्यासाठी सुरक्षित जागा". खाली नदीकडं बाण. उद्घाटनाला मांडव, नारळ, पाण्याच्या बाटल्या. फोटोच्या वेळी साहेब म्हणाले, "ते बांबू जरा काढून घ्या हो, घाण दिसतात."

बूटवाले सगळे एकमेकांकडं बघू लागले. कोण उतरणार? मी सलवार गुडघ्यावर खोचली आणि उतरले. अकरा बांबू होते. मीच उपटले. काठावर माझी बहीण टाळ्या वाजवत होती. बारा वर्षांची होती, तिला वाटलं कार्यक्रमच आहे. ओल्या बांबूंचा भारा मी भाऊच्या पुढ्यात नेऊन ठेवला.

"ठेव तिथी," तो म्हणाला. "दोडक्याच्या मांडवाले होतीन."

तो उन्हाळा छान गेला. हे मला लिहावंच लागेल. दुसऱ्या मोहल्ल्यातल्या पोरी यायला लागल्या, ज्यांच्या आया आधी पाठवत नव्हत्या. पाहुणे यायचे, नागभीडकडचे, राजुऱ्याकडचे, आणि त्यांना सासुरवाडीची माणसं पहिल्यांदा नदीवर घेऊन यायची. मी दोन सभांमध्ये बोलले. "लढलो म्हणून मिळालं" असं बोलले. आणि "भाऊ, जाऊ का?" हे ओरडणं बंद झालं. कोणी ठरवून बंद केलं नाही. बोर्ड होता, मग विचारायचं कोणाला आणि कशाला?

पावसाळ्यात पूर आला. बोर्ड जागचा हलला नाही, गुडघाभर गाळात उभा राहिला. मला त्याचंही कौतुक वाटलं. पूर ओसरल्यावर वरच्या वळणावर रेतीचं पोकलेन आलं आणि हिवाळाभर नदीचं पोट उकरत राहिलं. कोणाचं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्यावर मी पत्रक लिहिलं नाही, कारण तेव्हा मी दुसऱ्या एका मोर्चात होते. नदीचं काम आपण जिंकून झालं, अशी माझी समजूत होती.

चैत्रात भाऊ घरी आला. दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी आला नाही.

"बाई, बोर्डाच्या खाली गड्डा झाला."

"कुठी?"

"दोराच्या आतच. उजव्या अंगाले. दोन पुरुष खोल हाय. धार तिकडूनच वळून राह्यली."

मी त्याच दिवशी अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, सहपत्र, सगळं. कार्यालयात जाऊन शिक्का मारून घेतला, आवक क्रमांक घेतला. संध्याकाळी पोच घेऊन भाऊकडं गेले आणि त्याला शिक्का दाखवला. त्यानं कागद हातात घेतला, उलटा करून मागची बाजू बघितली.

"हे पाण्यात उभं राहीन का?"

मी हसले. बोललाच तसा. मग त्यानं नीट विचारलं, "मी बांबू लावू का?"

माझं उत्तर मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं, "नको भाऊ. तुम्ही बांबू लावले की ते म्हणतील झालं काम. मग बोर्ड हलवणारच नाहीत. थोडं थांबा. दबाव राहू द्या."

आंदोलनात हे आम्हाला शिकवलेलं असतं. रस्त्यावरचा खड्डा आपण बुजवायचा नाही, ज्याचं काम आहे त्याच्याकडून बुजवून घ्यायचा. रस्त्याच्या खड्ड्यात माणूस पडतो, उठतो, शिव्या देतो, दबाव वाढतो. नदीच्या गड्ड्याला मी तोच हिशोब लावला.

भाऊ म्हणाला, "तू म्हनतेस तं थांबतो." आणि थांबला. मोहल्ल्यात मी घरोघर सांगितलं, उजव्या अंगाला जाऊ नका. बहिणीला शपथ घातली. मोहल्ल्यातलं कोणीही बुडालं नाही, हे खरं आहे. सगळ्यांना माहीत होतं. ज्याला माहीत नव्हतं तो बोर्ड वाचून आला.

राजुऱ्याकडचा होता. आमच्या मागच्या गल्लीत त्याची बहीण दिली आहे, तिच्या घरच्या लग्नाला आला होता. बावीस-तेवीसचा, पोहता येणारा, अंगानं चांगला. हळद झाली आणि दुपारी अंग धुवायला नदीवर गेला. माझी बहीण तिथं कपडे धूत होती. पुढचं तिनंच सांगितलं, एकदाच, नंतर कधीच नाही. तो उजवीकडं निघाला तशी ती ओरडली, "दादा, तिथी गड्डा हाय!"

तो हसला. बोर्डाकडं बोट दाखवलं. "एवढा मोठा लिवून हाय ना वं, सुरक्षित म्हणून! तू काय इंजिनियर हाय का?"

मग सूर मारला.

ती भाऊच्या झोपडीकडं धावली. भाऊ हातातलं जाळं टाकून उतरला, तीनदा बुडी मारली, तिसऱ्यांदा त्याला घेऊन वर आला. उशीर झाला होता. त्याच्या कानामागं हळद तशीच होती.

मी तेव्हा घरी होते. काय करत होते? पहिल्या अर्जाचं स्मरणपत्र लिहीत होते. "विषयांकित प्रकरणी अद्याप कार्यवाही झालेली नाही" इथपर्यंत आले होते.

पुढं जे झालं ते फार लवकर झालं. अर्ज धूळ खात पडला होता, पण मेलेल्या माणसानं दोन दिवसांत टेबलं हलवली. मी कार्यालयात जाऊन आरडाओरडा केला. साहेबांनी फाइल काढली. वर माझंच पत्रक लावलेलं. त्यांनी मथळ्यावर बोट ठेवलं आणि अगदी सभ्यपणे म्हणाले, "मॅडम, जागा तर तुम्हीच मागितली होती. म्हाताऱ्याचे बांबू नको, हेसुद्धा तुमचंच वाक्य आहे. वाचून दाखवू?"

मला राग साहेबांचा यायला हवा होता, आला नाही असं नाही, आजही येतो. अर्ज त्यांच्याकडं पडून होता, गड्डा पोकलेनवाल्यानं केला होता. ही सगळी नावं मी भिंतीवर लिहू शकते. पण बांबू कोणी उपटले आणि परत लावू नका असं कोण म्हणालं, याला दुसरं नाव नाही.

बोर्ड काढला नाही. त्याच पत्र्यावर लाल रंग मारला आणि वर लिहिलं: "येथे पोहण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून." रंग पातळ मारला आहे. सकाळचं ऊन तिरपं पडलं की खालची जुनी अक्षरं दिसतात, सुरक्षित मधला "सु" तर भरदुपारीही. बाण तसाच आहे, नदीकडं दाखवणारा. एक कर्मचारी शिट्टी घेऊन बसवला. म्हणजे माणूस ठेवता येत होता. हाकलायला ठेवता येत होता.

झालं, शहर सुरक्षित. तापमान काही कमी झालं नाही. पोरं नहरावर जायला लागली.

नहर ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. उन्हाळी धानाला पाणी देणारा कालवा, दोन्ही बाजूंनी सिमेंटचा उतार, त्यावर शेवाळ. आत उतरणं सोपं, घसरलं की उतरलंच. बाहेर यायला पायरी नाही, धरायला गवताची काडी नाही. पाणी ओढत नेतं. पूल येईपर्यंत तरंगत राहायचं आणि पुलाखालची सळई हाताला लागली तर धरायची. शेताला पाणी पाहिजे म्हणून बांधला, माणूस आत पडेल हे कोणाच्या नकाशात नव्हतं.

पुढच्या वर्षी फाल्गुनात एके दिवशी बहीण जेवताना डाव्या हातानं जेवायला बसली. आईनं उजवा हात ओढून बघितला. तीन बोटांची नखं उलटली होती, कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सोललेली. नहराच्या उताराचं सिमेंट.

मी ओरडले, "नहरात काऊन गेलतीस?"

तिनं ताटातून वर बघितलं. "मंग कुठी जाऊ? नदीत तुझा बोर्ड हाय."

आई हळद-तेल घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी मी भाऊकडं गेले. बरेच महिने गेले नव्हते. दोडक्याचा मांडव वाळला होता, बांबू त्यातच होते. मी म्हटलं, "भाऊ, नदी पाहायची हाय. बांबू लावायचे हाय."

"मले काऊन विचारतेस? बोर्डाले विचार."

मी उभीच राहिले. तो जाळ्याची गाठ सोडवत राहिला. मी माफी मागितली का? मागितली. पत्रकात लिहितात तशी नाही, तोंडानं, अडखळत. त्यानं ती घेतली की नाही मला सांगता येणार नाही. गाठ सुटल्यावर म्हणाला, "माझे गुडघे गेले आता. मी उतरत नाई. तू उतर. मी बसून सांगीन."

मांडवातले बांबू सोडवायला तासभर लागला. वेलींनी घट्ट धरले होते. मी पाण्यात उतरले. आधी बांबू, मग पाय. तो काठावरून शिव्या घालत होता. "अवं, टेकव, भोसकू नोको! आयकलं का? करकरला का? नाई ना? मंग तिथी काऊन रोवून राह्यली? मागं घे!" उजव्या अंगाला एके ठिकाणी बांबू हातातून तसाच खाली गेला, काही आवाज न करता. पुरा गेला. मी तिथंच पाण्यात उभी राहून रडले, आणि भाऊ ओरडला, "रडून नंतर घेजो. आधी मागं हो."

शिट्टीवाला आला. बंदी आहे, बांबू लावले म्हणजे पोहायला चिथावणी दिली असं होतं, म्हणाला. संध्याकाळी त्यानं सगळे उपटले. सकाळी मी परत लावले. तोही आमच्याच मोहल्ल्यातला, त्याचीही पोरं नहरावर जातात. चार-पाच दिवस असं चाललं. मग तो उपटायचा थांबला, फक्त साहेबांची गाडी दिसली की पळत येऊन चिंध्या सोडतो आणि गाडी गेली की मला हाक मारतो. मी यावर अर्ज दिलेला नाही. देणारही नाही. आवक क्रमांक घेऊन जे मिळायचं ते मला मिळालं आहे.

रोज सकाळी मी नदी पाहते. कामाला उशीर होतो, संघटनेतले म्हणतात, तू आता समाजसेवा करायला लागलीस. म्हणोत. मोहल्ल्यातली माणसं परत यायला लागली, आधी बाया, मग पोरं. माझी बहीण आली नाही. वैशाख अर्धा होईपर्यंत आली नाही.

आली त्या दिवशी मी कमरेएवढ्या पाण्यात होते, शेवटचा बांबू नुकताच रोवला होता. ती काठावर येऊन उभी राहिली. नखं अर्धीच उगवली होती. मी हात केला, म्हटलं, "ये, पाहून झालं. पक्कं हाय."

ती माझ्याकडं बघतच होती, पण उतरली नाही. मग तिनं तोंड झोपडीकडं केलं आणि जोरात ओरडली,

"भाऊ, जाऊ का?"

भाऊनं तिथूनच बांबूंची ओळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितली. वेळ घेतला. मग मला म्हणाला, "तिसरा हातभर अलीकडं घे."

मी तिसरा बांबू उपटला आणि हातभर अलीकडं रोवला. तोपर्यंत ती काठावरच थांबली होती.